रिपोर्टमधली ‘वाढ’

मी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. उर्दू शाळेतली मराठीची टीचर म्हणजे मोहल्ल्याची फुकटची दुभाषी असते, हे आमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेची नोटीस, महापालिकेचं पत्र, सगळं माझ्याकडे येतं. मराठी येते म्हणजे इंग्रजीही येतच असणार, असा लोकांचा समज. त्यामुळे दवाखान्याचे कागदही येतात. शुगर, थायरॉइड, सोनोग्राफी इथपर्यंत माझं निभतं. पण एका कागदाने मला दोन दिवस अडकवून ठेवलं, आणि त्यानंतर कित्येक महिने मी त्या एका आजाराविषयी मिळेल ते वाचत राहिले. आज लिहिते आहे ते त्याबद्दल.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. तिला इथे हुमा म्हणते. हे तिचं नाव नाही. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. पावसाळ्यात शाळा सुरू झाली तेव्हा ती फळ्याकडे मान तिरकी करून बघायला लागली होती. डावा डोळा आत वळायचा. वाचताना एक ओळ सोडून खालच्या ओळीवर जायची. मग चालताना भिंतीला हात लावू लागली, पाण्याचा घोट घेतला की ठसका. घरच्यांनी आधी नजर उतरवली, मग चष्मा केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच दुसऱ्या भेटीत सांगितलं, हे डोळ्याचं दुखणं नाही, डोक्याचा एमआरआय करा. महिन्याभरात सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ते तिला घेऊन मुंबईला गेले.

मेंदू जिथे मणक्याच्या दोरीला मिळतो त्या देठाला ब्रेनस्टेम म्हणतात. त्याच्या मधल्या फुगीर भागाचं नाव पॉन्स. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. सोळाव्या शतकात कोस्टान्झो वारोलिओ नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत तो ‘वारोलिओचा पूल’. नाव चपखल आहे. हातापायांना जाणारे सगळे निरोप या पुलावरून जातात, आणि डोळा फिरवणं, चेहरा हलवणं, चावणं यांच्या नसांची ठाणी तिथेच आहेत. हुमाला झाला होता तो ट्यूमर, डीआयपीजी, याच पुलात होतो. बहुतेक रुग्ण पाच ते दहा वर्षांची मुलं. हा ट्यूमर गोळा होऊन एका जागी बसत नाही. पिठात मीठ मिसळावं तसा चांगल्या तंतूंमध्ये पसरतो, म्हणून कापून काढता येत नाही. केमोने आजवर फारसं काही साधलेलं नाही. निदानानंतर निम्मी मुलं वर्षभराच्या आत जातात आणि दोन वर्षं पार करणारी शंभरात दहासुद्धा नसतात. हे आकडे मी हुमाच्या आईला कधी सांगितले नाहीत. तिनेही विचारले नाहीत. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिने जे वाचायचं ते वाचलं होतं.

नील आर्मस्ट्राँगची मुलगी याच आजाराने गेली, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे आर्मस्ट्राँगचं नाव निघालं की चंद्रावर अजान ऐकल्याची गोष्ट निघतेच. ती खरी नाही, त्याने स्वतःच ती नाकारली होती, तरी दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवतंच. त्याच्या आयुष्यातली ही खरी गोष्ट मात्र मला कुणी पाठवली नव्हती. करेन तिचं नाव, दोन वर्षांची होती. 1961 च्या उन्हाळ्यात तिचे डोळे तिरळे होऊ लागले. रेडिएशन दिलं, ती पुन्हा उभं राहायला, चालायला शिकली. काही आठवड्यांनी सगळं परत आलं. मग कोबाल्टच्या किरणांचा दुसरा प्रयत्न झाला, तो तिच्या अंगाला झेपला नाही, आणि आईवडिलांनी तिला घरी आणलं. 28 जानेवारी 1962 ला ती गेली.

म्हणजे दुसऱ्यांदा रेडिएशन देऊन बघण्याची धडपड साठ वर्षांपूर्वीही होती. फरक इतकाच की तेव्हा मेंदूच्या आत बघायला सीटी नव्हतं, एमआरआय नव्हता. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू 1971 साली लंडनमध्ये पाहिला गेला. करेनच्या डॉक्टरांकडे पाहायला फक्त करेन होती: डोळा किती वळतो, पाय किती टिकतो. हुमाच्या वेळी डॉक्टरांकडे हुमा होती आणि तिच्या पुलाचे शेकडो फोटोही होते. एवढे फोटो असल्यावर सगळं स्पष्ट दिसत असेल, असं मला आधी वाटलं होतं.

पहिलं रेडिएशन जगभर साधारण सारखंच देतात. 54 ग्रे, तीस हप्त्यांत, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. (कैरोमध्ये 253 मुलांवर अभ्यास करून तिथल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये दाखवलं की तेरा किंवा पंधरा दिवसांत दिलेलं रेडिएशनही तीस दिवसांच्या तुलनेत कमी पडत नाही. गावाहून येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या, रोजंदारी बुडवणाऱ्या बापाला तीस आणि तेरा यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही. हा अभ्यास इजिप्तमध्ये झाला, लंडन-न्यूयॉर्कमध्ये नाही, याचं मला नवल वाटलं नाही.) हुमाला तीस हप्ते दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झालेला, सतत भूक. मुलांनी मोटी म्हणून चिडवलं, तिने एकाला पट्टीने मारलं. मी तिला रागावले आणि मनातून खूश झाले, कारण पट्टी नेमकी लागली होती. हात आणि डोळा पुन्हा एकमेकांचं ऐकत होते.

एप्रिलमध्ये डोळा परत वळला.

दुसऱ्या रेडिएशनचा प्रश्न आला की हिशेब अवघड होतो. ब्रेनस्टेमला साधारण 54 ग्रे ही सहन होण्याची हद्द मानतात, आणि ती तर पहिल्याच वेळी गाठलेली असते. मेंदूच्या पेशी आधीचा डोस पूर्णपणे विसरत नाहीत. तरीही मधे काही महिने गेले असतील तर वीस ते तीस ग्रेचा छोटा डोस बहुतेक मुलं सोसतात, असं गेल्या दहा-पंधरा वर्षांत दिसून आलं आहे. 2017 मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा रेडिएशन घेतलेल्या 31 मुलांची तुलना न घेतलेल्या तशाच मुलांशी केली. घेतलेल्यांचं आयुष्य निदानापासून 13.7 महिने, न घेतलेल्यांचं 10.3 महिने. हे मध्यक आहेत, म्हणजे निम्मी मुलं त्याआधी गेली आणि निम्मी नंतर. चारातल्या तीन मुलांची लक्षणं काही काळ कमी झाली. जवळजवळ साडेतीन महिन्यांचा फरक. कुणाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. शाळेच्या हिशेबात ते जवळजवळ एक सत्र होतं.

हुमाच्या घरच्यांनी होकार दिला. दहा हप्ते, वीस ग्रे. मी त्यांना काही सल्ला दिला नाही, देण्याची माझी जागाही नव्हती.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिला उलट्या सुरू झाल्या, डोकं दुखू लागलं, उजवा पाय ओढू लागली. डॉक्टरांनी मधेच एमआरआय करायचं ठरवलं, साधा नाही, जास्तीच्या तपासण्यांचा. त्याला वेळ लागतो आणि मूल एवढा वेळ हलल्याशिवाय राहत नाही, म्हणून भूल. भुलीच्या आधी सहा तास पोटात अन्न नको. नंबर सकाळी नऊचा, म्हणून आईने तिला रात्री अडीचला उठवून दोन घास भरवले आणि सांगितलं की ही सहरी आहे. रमजान संपून थोडेच दिवस झाले होते, हुमाला ते पटलं. नंबर लागला दुपारी एकला. वाट पाहताना तिने तीन वेळा विचारलं, “अम्मी, इफ्तार कब है?”

रिपोर्टचा फोटो मला संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. मागोमाग तिच्या आईचा फोन. “बाजी, क्या लिख्या है बोलो ना. बढ़्या बोल के लिख्या है क्या?”

लिहिलं तसंच होतं. आधीच्या फोटोपेक्षा पांढरा भाग वाढला आहे. पण पुढचं वाक्य असं होतं की ही वाढ उपचारामुळे झालेला बदल असू शकते किंवा आजाराची वाढ असू शकते, परफ्यूजनवरून पहिली शक्यता अधिक वाटते, लक्षणांशी ताडून पाहावे. ही दोन वाक्यं मी दहा वेळा वाचली असतील. इंग्रजी कळत होतं. दख्खनीत काय सांगू ते कळत नव्हतं. ‘बढ़ गया’ म्हटलं की त्या घरात पुढचं काही ऐकलं जाणार नव्हतं. मराठीत तर आणखी पंचाईत. आम्ही शाळेत मुलांची वाढ नोंदवतो, उंची आणि वजन, आणि वाढ छान आहे म्हणतो. आजारासाठी वेगळा शब्दच नाही.

मी तिला म्हटलं, “लिख्या है, पर ये भी लिख्या है के सूजन हो सकती. दागतरां से पूछ के बोलती मैं.” आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांच्या फोनवरून वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांशी बोलले. भला माणूस. ड्यूटी संपवून वीस मिनिटं बोलला, मराठीत.

त्याच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून मला समजलं ते असं. साध्या एमआरआयमध्ये पाण्याचा अंश जास्त तिथे पांढरं दिसतं. ट्यूमरही पांढरा आणि सूजही पांढरी. रेडिएशनने पेशी दुखावल्या की सूज येते, मग फोटो बिघडल्यासारखा दिसतो आणि मूलही बिघडतं, पण काही आठवड्यांनी दोन्ही सावरतात. याला आभासी वाढ म्हणतात. स्टिरॉइड दिलं की सूज उतरते आणि फोटो सुधारतो, ट्यूमरला धक्का लागलेला नसतानाही. म्हणजे फोटो दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. म्हणून जास्तीच्या तपासण्या. एकीत पाण्याचे कण किती मोकळेपणी हलतात ते मोजतात: पेशींची दाटी असेल तर पाणी विजापूर वेशीतल्या ईदच्या गर्दीत अडकल्यासारखं जागच्या जागी राहतं, सूज असेल तर पसरतं. दुसरी परफ्यूजन, त्या जागी रक्त किती खेळतं ते बघणारी. वाढणारा ट्यूमर बरेचदा रक्त ओढून घेतो. तिसरीत त्या जागेची रसायनं मोजतात, चिरफाड न करता. कोलीन वाढलं तर पेशी नव्याने तयार होत असल्याची खूण, आणि एन-अॅसिटिल अॅस्पार्टेट घटलं तर चांगल्या पेशी मरत असल्याची. काही देशांत अमिनो आम्लाचा माग काढणारा पेट स्कॅनही करतात.

हे सगळं वाचून मी थक्क झाले. आणि हेही लक्षात आलं की यातली एकही तपासणी एकटीने छातीठोक उत्तर देत नाही. पॉन्स आधीच लहान, त्याच्याभोवती हाड, हवा आणि धडधडणाऱ्या रक्तवाहिन्या, त्यामुळे आकडे डळमळतात. 2020 मध्ये मुलांच्या मेंदूच्या ट्यूमरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने या आजारासाठी नियम लिहिले: पंचवीस टक्के वाढ किंवा घट धरायची, पण फोटो एकटा बघायचा नाही. मूल कसं आहे आणि स्टिरॉइड किती चालू आहे, हे त्याच्यासोबत ठेवूनच ठरवायचं. करेनच्या डॉक्टरांकडे एवढंच तर होतं, मूल कसं आहे ते. तेच इतक्या यंत्रांनंतर पुन्हा नियमात आलं.

बी.एड.ला आम्हाला आकारिक आणि संकलित मूल्यमापन शिकवलं होतं. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, निकाल लावणारी. आकारिक म्हणजे शिकवता शिकवता घेतलेली चाचणी: मुलाला भागाकार जमत नसेल तर शिकवणंच बदला, यासाठी. प्रत्यक्षात काय होतं ते शिक्षक वाचकांना सांगायला नको. जूनमध्ये शिकवायचं तेच, तसंच ऑक्टोबरपर्यंत शिकवतो आणि आकारिकच्या नोंदी एका रात्रीत भरतो. शिकवण्यात फरक पडणार नसेल तर मधली चाचणी हा मुलाला उगाच दिलेला त्रास असतो.

तोच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. या फोटोमुळे उद्या तुम्ही काही वेगळं करणार आहात का? प्रश्न उद्धट वाटला असेल, पण त्याने नीट उत्तर दिलं. हो, म्हणाला. आजाराची वाढ वाटली असती तर उरलेले पाच हप्ते देण्यात अर्थ राहिला नसता, तुम्हाला सोमवारीच सोलापूरला पाठवलं असतं. सूज वाटते आहे म्हणून स्टिरॉइड वाढवतो आणि हप्ते पूर्ण करतो. म्हणजे पाच हप्ते द्यायचे की घरी जायचं, हे त्या भुलीवर आणि त्या खोट्या सहरीवर ठरलं होतं. मग ती तपासणी मला वाया वाटली नाही.

माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी विचारावा, आणि तपासणीच्या आधी विचारावा. उत्तर ‘नाही, पण नोंदीसाठी हवा’ असं असेल तर तेही चालेल. नोंदींतूनच उद्याचे नियम तयार होतात, आणि कैरोतल्या 253 मुलांच्या आईवडिलांनी होकार दिला म्हणून इतर मुलांचे दिवस वाचू शकतात. फक्त तसं सांगून विचारावं. आमच्या मोहल्ल्यातले लोक कुणाच्या मुलाला उपयोग होणार असेल तर नाही म्हणतील, असं मला वाटत नाही.

आणखी एक. या रिपोर्टच्या भाषेवर मी आजही नाराज आहे. तो डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो हे मान्य. पण तो हातात पडतो आईच्या, वॉर्डाच्या बाहेर, संध्याकाळी, जेव्हा विचारायला कुणी नसतं. ‘ताडून पाहावे’ या सूचनेचं तिने काय करायचं? ती तर दिवसभर मुलीला ताडूनच पाहत होती.

स्टिरॉइड वाढवलं, हप्ते पूर्ण झाले, आणि सहा आठवड्यांनंतरच्या फोटोत पांढरा भाग आक्रसला होता. पाय सावरला, डोळा थोडा राहिला. पंधरा ऑगस्टला हुमा झेंडावंदनाला रांगेत उभी होती, आईच्या आग्रहाखातर सावलीत. सप्टेंबर ठीक गेला. ऑक्टोबरच्या फोटोत पुन्हा वाढ होती, आणि या वेळी पाण्याची दाटी, रक्त, रसायनं सगळं एकच सांगत होतं. मूलही तेच सांगत होतं. तिच्या अब्बूंनी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, आणखी एक फोटो काढू का? डॉक्टर म्हणाले, गरज नाही, आता घरी राहा, उलटी आणि दुखणं मी फोनवरून सांभाळतो. तेही त्यांनी पाळलं. डिसेंबरमध्ये जुम्याच्या दिवशी, असरच्या सुमाराला ती गेली. शेवटचे दोन आठवडे तिला गिळता येत नव्हतं, पण ती ऐकत होती. वर्गातल्या मुलींनी जाऊन तिला पाढे म्हणून दाखवले, कारण काय म्हणायचं हे त्यांना दुसरं सुचलं नाही.

या पेशींमधला एक ठरावीक जनुकीय बदल 2012 मध्ये सापडला. तो बदल असलेल्या आणि पुन्हा वाढलेल्या ट्यूमरसाठी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. ते आजार मुळापासून बरा करत नाही, काही रुग्णांत ट्यूमर लहान करतं. हुमाच्या आईने मध्यंतरी मला याची बातमी पाठवली, सोबत काही न लिहिता. मीही काही लिहिलं नाही, संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम केलं. त्या डॉक्टरांच्या मदतीने रिपोर्टमधल्या वीसेक शब्दांची दोन पानी यादी केली, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. ‘स्टेबल’साठी उर्दूत ठहरा हुआ, मराठीत जैसे थे. ‘एडीमा’ म्हणजे सूजन, सूज. आभासी वाढीसाठी उर्दूत आम्ही ‘सूजन जो बढ़ने जैसी दिखे’ असं लिहिलं. लांबलचक आहे, पण समजतं. वॉर्डातल्या समाजसेविकेने तिच्या प्रती काढून घेतल्या. हुमाच्या आईनेही एक मागितली, अक्कलकोटच्या एका बाईला द्यायला, जिचा मुलगा तेव्हा तीस हप्त्यांतल्या अकराव्यावर होता. ‘प्रोग्रेशन’च्या समोर ‘बढ़ना’ आणि ‘वाढ’ हे शब्द मी अजून पेन्सिलीनेच ठेवले आहेत. वाचकांपैकी कुणाला बरा शब्द सुचला तर कळवा.